लेकीच्या गावी, खानावळीत

माझ्या लेकीच्या गावात तीन खानावळी आहेत आणि तिन्हींत मी जेवलो आहे. एक एसटी थांब्याजवळ. तिथे भात चांगला मिळतो, मासा बेताचाच. दुसरी शाकाहारी, सुपारीच्या वाडीत. तिथली सोलकढी पातळ असते पण वाडीतला गारवा जेवणाइतकाच पोटात उतरतो. तिसरी धक्क्यावर, पत्र्याच्या छपराखाली, एका मावशींची. तिथल्या बाकावर बसलं की डावीकडे खाडी आणि उजवीकडे चढावर लेकीचं घर दिसतं. कौलं, दारातला फणस, दोरीवर वाळणारे कपडे. त्या घरात मी जेवत नव्हतो. पाणीसुद्धा पीत नव्हतो.

ऐकणाऱ्याला वाटेल, काही भांडण असेल. तसं काही नव्हतं. आमच्या घराण्यात रीत आहे की लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. एकदा कन्यादान केलं की त्या घरावर आपला हक्क उरत नाही. नातवंड झालं की पुन्हा नातं लागतं आणि मग पंगतीला बसायला हरकत नाही. आमचं मूळ घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. तिथे हे सगळेच पाळायचे. माझी बहीण वरंधला दिलेली. वडील तिला भेटायला जायचे तेव्हा देवळाच्या पायरीवर बसायचे, बहीण तिथे यायची, दोघं बोलायची आणि वडील उठायचे. शेजारच्यांकडे चहा चालायचा, लेकीकडे नाही. पुढच्या भातकापणीच्या आत बहिणीला मुलगा झाला आणि वडील तिच्याकडे बारशाला असे जेवले की वाढणारी दमली. म्हणजे त्यांच्या वेळी ही रीत एका हंगामापुरती होती. आंबे पिकायची वाट बघावी तशी.

मी त्यात पोटनियमही घातले होते. सुपारी चालते, पान चालत नाही, कारण पानाला पाणी मारलेलं असतं. अंगणातल्या झाडाचा पडलेला आंबा चालतो, कापून दिलेला चालत नाही. माझी नोकरी महाडला वजनकाट्यावर आहे. भरलेला ट्रक आधी तोलायचा, रिकामा नंतर, मधला फरक तो माल. दिवसभर असं काम केलं की माणसाला प्रत्येक गोष्ट या पारड्यात की त्या पारड्यात हे ठरवल्याशिवाय चैन पडत नाही.

लेकीचं लग्न झालं तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, वर्ष-दीड वर्ष. लेक बाणकोटच्या खाडीच्या दक्षिण तीरावर दिली. जावई होड्यांच्या इंजिनांची दुरुस्ती करतो, माणूस सरळ, हात कायम तेलकट. मी भेटायला जायचो. भेट झाली की भूक लागायची, आणि भूक लागली की खानावळ शोधायची. परतीची गाडी नसली की पुढच्या गावाला मुक्काम. मग तिथली खानावळ. असं करत करत मी एकटाच किनाऱ्याने हिंडायला लागलो. बायकोला गाडी लागते. वळणाचा रस्ता म्हटलं की तिच्या पोटात ढवळतं, म्हणून ती फारशी येत नाही.

खरं तर आंबेतच्या पुलावरून लेकीच्या गावाला सरळ जाता येतं. मी मुद्दाम लांबून, श्रीवर्धनवरून जायचो. श्रीवर्धनला उतरलं की सुपारीच्या वाड्यांमधून चालताना उन्हाचे बारीक तुकडे अंगावरून सरकत राहतात आणि विहिरीवरच्या पंपाचा आवाज कुठून येतो ते कळत नाही. तिथे एका घराच्या पडवीत मी पहिल्यांदा घावनं नारळाच्या रसात बुडवून खाल्ली. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, "कुठून आलात?" मी म्हटलं, महाड. त्या म्हणाल्या, "म्हणजे घाटावरचेच म्हणायचे." आम्हा महाडच्यांना सगळे कोकणातलेच समजतात, पण समुद्राच्या काठावर बसलेल्या माणसाला जिथे भरतीचं पाणी दिसत नाही तो सगळा घाटच. मी नुसती मान हलवली. घावन तोंडात होतं.

हरिहरेश्वरला मोदक, वेळासला कासवं बघायला आलेल्या शहरातल्या पोरांच्या पंगतीत बसून आमसुलाची आमटी. त्या पोरांनी मला विचारलं, काका, तुम्ही पहाटे येणार ना किनाऱ्यावर? मी म्हटलं, मी जेवायला आलोय. केळशीला एका मुसलमान बाईंनी नारळाच्या दुधातला भात केला होता. तो खाऊन मी त्यांच्या ओट्यावरच झोपलो आणि जाग आली तेव्हा अंगावर चादर होती, समुद्राचा आवाज जवळ आला होता आणि आपण कुठल्या गावात आहोत हे मला बराच वेळ आठवेना. ते आठवेनासं होणं मला आवडलं. महाडला मला कायम सगळं माहीत असतं.

एकाच शिंपल्याला एका गावात शिवल्या म्हणतात, दुसऱ्या गावात तिसऱ्या, पुढे खुबे. म्हणणारे म्हणतात, त्या वेगवेगळ्या. मला रश्श्यात फरक कळायचा तो खोबऱ्याचा. श्रीवर्धनकडे ओलं खोबरं जास्त, खाडी ओलांडली की भाजलेला कांदा वाढतो. आता सगळी गावं डोळ्यांपुढे आणू लागलो की ती एकमेकांत मिसळतात. एका गावच्या धक्क्यावर दुसऱ्या गावची बाई उभी दिसते, हातात तिसऱ्याच गावची परात.

घरी आलो की बायको ऐकून घ्यायची. एकदा मी चिंबोऱ्यांच्या कालवणाचं वर्णन करत होतो तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "सगळा किनारा जेवून येता, आणि पोटच्या पोरीकडे घोटभर पाणी नको!"

"रीत हाय ती," मी म्हटलं.

"रीत तुमच्या बापाची. त्यांची लेक वर्षात बाळंत झाली. आपली झाली काय?"

ती स्वतः रीत कधीच सोडून बसली होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी लेकीचं तीन महिन्यांचं गेलं तेव्हा ही वळणाच्या रस्त्याने, डोळे मिटून, पिशवी तोंडाशी धरून गेली आणि तिथे राहिली. तिथे काय खाल्लं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुन्हा एकदा तसंच झालं. पुन्हा ती गेली. त्यानंतर मुंबईच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. वर्षं जात राहिली आणि मी धक्क्यावरच्या बाकावर जेवत राहिलो.

लेक पहिल्या वर्षी हसायची. दुसऱ्या वर्षी तिने युक्ती काढली की बाबा, पैसे ठेवा आणि जेवा, म्हणजे विकत घेतल्यासारखं होईल. आमच्या वाडीत काही जण असं करायचे. मला ते पटलं, मी खिशात हात घातला, आणि तिचं तोंड एकदम बदललं. "राहू दे," ती म्हणाली. "माझं घर म्हणजे काय खानावळ हाय?" युक्ती तिचीच होती, पण नोट बघितल्यावर तिला सोसवली नाही. त्यानंतर तिने विषय काढला नाही. मी गेलो की ती अंगणात पाट टाकायची, मी महाडहून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचो, आम्ही बोलायचो. विहीणबाई ओटीवरून म्हणायच्या, "काय व्याही, बाटली संपली तर सांगा हां, भरायला महाडला पाठवू कोणाला तरी." मी हसायचो. लेक हसायची नाही. तिच्याकडे येणारा प्रत्येक जण घरात येऊन काही ना काही खाऊन जायचा. न खाणारा मी एकटा, आणि मी का खात नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या पाटावर बसण्याने दर खेपेला तिची तीच गोष्ट सगळ्यांसमोर मांडली जात होती. हे मला तिने सांगितलं नाही. बायकोने सांगितलं.

"मग मी जाणं बंद करू?" मी विचारलं होतं.

"तेवढंच सुचलं?" ती म्हणाली.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी मी असाच निघालो. श्रीवर्धनला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला जंगलजेटीवर चढलो. गाड्या, माणसं, दोन म्हशी एकाच तराफ्यावर. खाडीवर धुकं एवढं होतं की पलीकडचा काठ नव्हताच. इंजिन चालू होतं, पण आपण हलतोय हे सांगायला आजूबाजूला काही नव्हतं. पाणी दुधी, आभाळ दुधी. हीच सावित्री. आमच्या पोलादपुराखालून दगडांवर आदळत येते, महाडला माझ्या खोलीच्या खिडकीखालून जाते, पावसाळ्यात घरात शिरते. इथे तिला काठ राहिलेला नसतो. मी कठड्याला टेकून उभा होतो आणि मला वाटलं की मी कुठेच चाललेलो नाही, नदीच मला घेऊन कुठेतरी पोचवते आहे. मग म्हैस ओरडली आणि धुक्यातून धक्का पुढे आला.

लेकीच्या अंगणात गेलो तर ती घरी नव्हती. विहीणबाई म्हणाल्या, "येईल. तुम्ही जेवून घ्या तुमच्या तिथं." तुमच्या तिथं म्हणजे मावशींकडे. मी उतरून धक्क्यावर आलो.

मावशी अंगाने रुंद, आवाजाने त्याहून. गिऱ्हाईक बसलं की विचारत नाहीत, वाढतात. त्या दिवशी ताटात तळलेली मांदेली होती, कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, भात, आणि एका लहान वाटीत काहीतरी तपकिरी, दाट. मी आधी मांदेली खाल्ली. मग वाटीत भाकरी बुडवली.

पावटे होते. सुके बोंबील घालून केलेले. लसूण सालासकट ठेचलेला, वर तेलात तडतडलेलं तिखट, आणि खोबऱ्याचा अंशही नाही.

मी थांबलो. समुद्राच्या काठावर बसून कोणी गिऱ्हाइकाला सुका बोंबील वाढत नाही. धक्क्यावर ताजा मासा उतरत असताना सुका खायचा तो पावसाळ्यात, आणि तोही घरात, दार लावून. सुके बोंबील डोंगरातल्या माणसांचे. महाडच्या बाजारातून पिशवी भरून न्यायचे, चुलीवर शिंक्यात टांगायचे, आणि दारचे पावटे आले की त्यात घालायचे. लसूण सोलायला वेळ नाही म्हणून सालासकट. असा पावटा माझी बायको करते. तिला माझ्या आईने शिकवला. बायकोने तो आणखी एकीलाच शिकवला आहे.

"मावशी," मी म्हटलं, "हे तुम्ही केलंत?"

"का, खारट झालंय?"

"नाही. कोणी केलंय?"

"गरम हाय तोवर खावा. मासा विचारतो काय, मला कोणी पकडला?"

आजूबाजूचे दोघे हसले. मी वाटी बाजूला ठेवली नाही, पुढेही ओढली नाही. मावशींनी ते बघितलं. त्या समोर येऊन बाकावर बसल्या, पदराने मान पुसली आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही येताय असा तुमच्या घरनं फोन आला की ती मागच्या दारानं येते. एक वाटी घेऊन. मला म्हणते, मावशी, तुमच्या ताटात ठेवा. कधी भाजी, कधी काय. मागल्या खेपेला तुम्ही वाखाणलेलं केळफूल, ते काय माझं होतं? मला तेवढं निवडायला येळ हाय?"

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली असतील. माझ्या डोळ्यादेखत बसून तुम्ही पुसून खाता आणि ती तिथनं बघते." त्यांनी हनुवटीने चढावरचं घर दाखवलं. "पोरगी येडी हाय. मी म्हणते, बापाला सांगून टाक. ती म्हणते, नको, सांगितलं तर इथं पण जेवायचे नाहीत."

बायकोचा फोनही यात होता तर. मी मागच्या खेपा आठवू लागलो. केळफूल. त्याआधी अळूचं फदफदं, चिंचेऐवजी आंबाड्याचं. त्याआधी एकदा कुळथाची पिठी, तेव्हा मी मावशींना म्हटलं होतं की अगदी आमच्याकडच्यासारखी, आणि त्या म्हणाल्या होत्या, कुळीथ सगळीकडे सारखाच. हिशेब करत गेलो तसं पारडं एकाच बाजूला झुकत गेलं. जे मी पाळतोय असं समजत होतो ते केव्हाच मोडलेलं होतं, आणि ते मोडताना मी दर वेळी आणखी थोडं मागून घेतलं होतं.

वाटीतला पावटा निवत चालला होता. धुकं उठलं होतं आणि पाण्यावर ऊन असं पसरलं होतं की होड्या तरंगत नव्हत्या, टांगलेल्या दिसत होत्या. मी वाटी जवळ घेतली आणि शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली. मावशींनी ताट उचललं. पैसे घेताना वाटीचे घेतले नाहीत.

बाहेर आलो तर लेक धक्क्यावर उभी होती. केस ओले, पायात घाईने घातलेल्या चपला. तिला काही कळलेलं नव्हतं. "जेवलात?" तिने नेहमीसारखं विचारलं.

"जेवलो."

"काय होतं?"

"मांदेली. कोलंबी." मी पुढे बोलायच्या आत तिने बोलायला सुरुवात केली. ती पाण्याकडे बघत होती.

"बाबा, तुम्हाला सांगायचं होतं. आम्ही औषधं थांबवली. मुंबईच्या डॉक्टरबाईंनी आणखी एकदा करून बघू म्हटलं, पण नको. दोघांनी मिळून ठरवलं. आता होणार नाही. आईला सांगितलंय मी." तिने ओले केस मागे सारले. "मी रडत नाहीये. रडून झालंय. फक्त तुमचं काय ते मला कळत नाही. आत्तापर्यंत मी म्हणत होते, झालं की जेवतील. आता तुम्ही कधी जेवणार?"

जंगलजेटी पलीकडून येत होती. तिच्या पुढे पाणी दुमडत होतं आणि मागे पुन्हा सपाट होत होतं. माझ्या डोक्यात वडील वरंधच्या देवळाच्या पायरीवर बसलेले होते, आणि त्यांच्या शेजारी बहीण. ती दोघं काय बोलत असतील ते मला कधी माहीत नव्हतं. वडिलांना या प्रश्नाचं उत्तर कधी द्यावं लागलं नव्हतं. रीतीत त्याची सोय नव्हती.

"आत्ता," मी म्हटलं.

"काय आत्ता?"

"आत्ता जेवतो. चल."

"आत्ता तर जेवलात!"

"हो. पावटा तुझाच होता ना. लसूण जरा जास्त झालाय."

तिने माझ्याकडे बघितलं, मग मावशींच्या छपराकडे. मावशी परात विसळत उभ्या होत्या आणि फार मन लावून विसळत होत्या. "मावशी!" लेक ओरडली.

"मी काय नाय सांगितलं गो," मावशी म्हणाल्या. "त्यांच्या जिभेनं सांगितलं."

लेक हसली आणि हसता हसता तिने डोळे बाहीला पुसले. मग आम्ही चढ चढू लागलो. ती पुढे, मी मागे. माझं पोट गच्च भरलेलं होतं. जेटीवरून उतरलेली माणसं आमच्या बाजूने पांगत गेली. चढावर प्रत्येक दारात कोणीतरी होतं, आणि प्रत्येकाला लेक सांगत होती, "बाबा जेवायला येतायत," जणू मी पहिल्यांदाच त्या गावात आलो होतो.

अंगणात पाट होता. मी त्याला वळसा घालून ओटीवर चढलो. विहीणबाई तांदूळ पाखडत होत्या, त्यांचा सूप धरलेला हात तसाच राहिला. मी चपला काढल्या. आत, चुलीच्या घरात, जावई खाली बसून इंजिनाचा कसला तरी भाग फडक्यात गुंडाळत होता. तो गडबडीने उठला आणि हात कुठे पुसावे ते त्याला कळेना.

"काय देऊ?" लेकीने विचारलं. "भात हाय. कालचं कालवण हाय, ते आज जास्त चांगलं लागतं. भाकरी टाकते."

"आधी पाणी दे."

तिने मडक्यातून तांब्या भरला, पेला घेतला. पेला पुढे करताना तिचा हात अगदी स्थिर होता, जसा भरलेली कळशी उतरवताना असतो. मी प्यालो. सगळा पेला प्यालो. विहीणबाईही सूप घेऊन दारात आल्या होत्या; तिघेही तिथेच उभे होते.

"कसं हाय?" तिने विचारलं.

विहीर खाडीला लागून आहे. "मचूळ हाय थोडं," मी म्हटलं.

"असं?" ती म्हणाली, आणि पेला पुन्हा भरू लागली. "आम्हाला आता कळतच नाही."